एम्प्रेस मिलचा पैसा आभाळापर्यंत



२००६ साली अनुशेह अन्सारी नावाची बाई स्वतःच्या पैशाने अंतराळात जाऊन आली. जन्म इराणचा, अमेरिकेत तिने दूरसंचाराची कंपनी उभारली. अंतराळयानाच्या स्पर्धेच्या बक्षिसासाठीही तिच्या घराने पैसा दिला. बैठकीत हे सांगितलं, तर एक मावशी म्हणाल्या, "आपल्या नागपुरात असं कोणी होतं का, ते सांग ना!"

होते. जमशेदजी टाटा. ते स्वतः आभाळात गेले नाहीत, त्यांचा पैसा गेला.

जुम्मा तलावाजवळ आज एम्प्रेस मॉल आहे. तिथे १ जानेवारी १८७७ ला एम्प्रेस मिल सुरू झाली. मुंबई सोडून टाटा इथे आले, कारण कापूस जवळ, कोळसा जवळ आणि रेल्वेही होती. जागा मात्र दलदलीची. म्हणतात, हा माणूस जमिनीत सोनं पुरतोय, असं सांगून एका सावकाराने पैसेच दिले नाहीत. टाटांनी सूतकताईची नवी यंत्रं आणली आणि मिल नफ्यात आली. १८८६ मध्ये कामगारांसाठी पेन्शन फंड काढला.

१८९२ मध्ये त्यांनी परदेशी शिक्षणासाठी निधी सुरू केला. तो दान म्हणून नव्हता, कर्ज म्हणून होता. शिका, कमवा, परत करा, म्हणजे पुढच्याला मिळेल. आपल्या गटासारखंच! सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत फ्रेनी कामा या डॉक्टरबाई होत्या. पुढे कोल्हापूरचे जयंत नारळीकर याच निधीच्या मदतीने केंब्रिजला गेले आणि खगोलशास्त्रज्ञ झाले. बंगळुरूच्या विज्ञान संस्थेसाठीही टाटांनी मोठी मालमत्ता दिली. १९०४ मध्ये ते वारले, संस्था १९०९ मध्ये उभी राहिली. तिचे संचालक सतीश धवन इस्रोचे अध्यक्ष असतानाच, १९७५ मध्ये, 'आर्यभट्ट' उपग्रह आकाशात गेला.

मिल बंद पडली. आपल्यातल्या कित्येकींच्या घरची चूल त्या वेळी थंडावली, ते विसरता येत नाही. कर्जाचा तो निधी मात्र आजही चालू आहे.

गेल्या महिन्यात आमच्या गटात एकीने मुलीच्या नर्सिंगसाठी वीस हजार मागितले. दोघी म्हणाल्या, "शेळीसाठी घे. पोरगी लग्न करून गेली तर हप्ता कोण भरणार?" निर्णय पुढे ढकलला. येत्या बैठकीत तो अर्ज पुन्हा येतोय. त्या दिवशी मी आधी हीच गोष्ट सांगणार आहे.