'व्हिस्पर ऑफ द हार्ट': लायब्ररीच्या कार्डावर उभी असलेली प्रेमकथा

'व्हिस्पर ऑफ द हार्ट' हा स्टुडिओ घिब्लीचा ॲनिमेशनपट जुलै १९९५ मध्ये जपानमध्ये प्रदर्शित झाला. मूळ नाव 'मिमी ओ सुमासेबा', म्हणजे साधारण 'कान देऊन ऐकलं तर'. आओइ हिइरागी यांच्या मांगावर, म्हणजे जपानी चित्रकथेवर तो आधारलेला आहे. पटकथा आणि स्टोरीबोर्ड हायाओ मियाझाकींचे, दिग्दर्शन योशिफुमी कोंदो यांचं. घिब्लीचे जादू, राक्षस, उडती यंत्रं असलेले सिनेमे जास्त गाजले. मला मात्र हा साधा सिनेमा जास्त आवडतो. त्याचं एक कारण माझ्या कामाशी जोडलेलं आहे: याची सगळी गोष्ट एका डेटा लीकमुळे घडते.

शिझुकु ही टोकियोच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांवरच्या वसाहतीत राहणारी, भरपूर वाचणारी शाळकरी मुलगी. लायब्ररीच्या प्रत्येक पुस्तकात एक कार्ड असतं आणि पुस्तक नेणाऱ्यांची नावं त्यावर ओळीने लिहिलेली असतात. आपण आणलेल्या पुस्तकांवर आपल्याआधी 'आमासावा सेइजी' हे नाव सारखं दिसतंय, हे तिच्या लक्षात येतं. आपल्या भाषेत सांगायचं तर हा ॲक्सेस लॉग झाला, आणि तो वाचायची परवानगी सगळ्यांना! तिचे वडील लायब्ररीतच काम करतात. आता कार्ड जाऊन बारकोड येणार, असं ते सुरुवातीलाच सांगतात आणि तिला ते अजिबात आवडत नाही.

बारकोड आला की पुस्तक कोणाकडे आहे ही नोंद डेटाबेसमध्ये जाते. पुस्तक परत आलं की वाचकाशी असलेला दुवा पुसूनही टाकता येतो. गोपनीयतेच्या दृष्टीने हेच बरोबर. वाचकाची माहिती गुप्त ठेवावी, हे तत्त्व जपानी ग्रंथालय संघटनेच्या १९७९ च्या सुधारित जाहीरनाम्यातही आहे. पण अशा सिस्टिममध्ये शिझुकुला सेइजी सापडलाच नसता. मी स्वतः अशी सिस्टिम बनवली तर दुवा पुसणारीच बनवेन, तरीही शिझुकुची नाराजी मला पटते.

गंमत म्हणजे हा सिनेमा बनवणारेही अशाच बदलाच्या उंबरठ्यावर होते. बहुतेक काम जुन्या पद्धतीचं: पारदर्शक सेलवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे रंगवलेलं दृश्य, वर कॅमेरा. शिझुकु जी कथा लिहिते, त्यात ती बॅरन नावाच्या मांजराबरोबर आकाशात उडते. तिथे नाओहिसा इनोउए या चित्रकाराची स्वप्नवत निसर्गचित्रं वापरली आहेत. जवळचे-लांबचे अनेक थर वेगवेगळ्या वेगाने सरकवायचे, तर सेल एकावर एक ठेवून जमत नाही. थर वाढले की खालचे रंग मळतात. म्हणून इथे थर कॉम्प्युटरवर एकत्र केले, म्हणजेच डिजिटल कंपोझिटिंग. फोटोशॉपमधले लेयर वापरले असतील तर कल्पना तीच, फक्त इथे प्रत्येक लेयर हलतो.

आवाजाचंही तसंच. डॉल्बी डिजिटल वापरणारा हा पहिला जपानी चित्रपट. ३५ मिलिमीटर फिल्मच्या कडेला भोकं असतात. दोन भोकांमधल्या चिमुकल्या जागेत हा डेटा ठिपक्यांच्या चौकोनांच्या रूपात छापलेला असतो. शेजारी जुना ॲनालॉग ट्रॅकही राहतो. डेटा खराब झाला की प्रोसेसर आपोआप त्यावर जातो, म्हणजे थेट फिल्मवरच फॉलबॅक! ऐकून पाहायचं असेल तर सेइजी व्हायोलिन वाजवतो आणि शिझुकु गाते तो प्रसंग बघा. आजोबा आणि त्यांचे मित्र एकेक वाद्य घेऊन सामील होतात आणि आवाज हळूहळू भरत जातो. सेइजीची बोटं आणि गजही नीट बघा. हाताने काढलेली आहेत.

पुढे घिब्लीने 'प्रिन्सेस मोनोनोके' (१९९७) मध्ये काही भाग कॉम्प्युटरवर रंगवला आणि १९९९ मधला 'माय नेबर्स द यामादाज' पूर्णपणे डिजिटल केला. तो बघायला कोंदो नव्हते. मियाझाकी आणि ताकाहाता यांच्यानंतर स्टुडिओची धुरा ते सांभाळतील असं मानलं जायचं, पण जानेवारी १९९८ मध्ये वयाच्या ४७ व्या वर्षी त्यांचं निधन झालं. त्यांनी दिग्दर्शित केलेला हा एकच चित्रपट.