मृगयेचीं चलच्चित्रें : एक साधनचिकित्सा

जुन्या कागदांचा संशोधक अक्षर, शिक्का, तारीख व भाषा हीं तपासल्यावांचून कोणताहि कागद अस्सल मानीत नाहीं. बखरीची साक्ष तो समकालीन पत्रांशीं ताडून पाहतो. चलच्चित्र हें विसाव्या शतकाच्या इतिहासाचें मोठें साधन होय; परंतु डोळ्यांस दिसतें तें खरेंच असलें पाहिजे, या समजुतीमुळें त्यास ही कसोटी बहुधा लावली जात नाहीं. ती लावणें किती अवश्य आहे, हें शिकारीच्या आरंभींच्या चित्रांवरून दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे २३ मार्च १९०९ रोजीं न्यूयॉर्कहून निघून २१ एप्रिल रोजीं पूर्व आफ्रिकेंतील मोंबासा बंदरीं उतरले. स्मिथसोनियन संस्थेसाठीं प्राण्यांचे नमुने मिळविणें हा मोहिमेचा जाहीर हेतु होता. शिकागोचे चित्रपट-व्यावसायिक विल्यम सेलिग यांना या मोहिमेबरोबर आपला कॅमेरा धाडावयाचा होता. तें जमलें नाहीं. तेव्हां त्यांनीं शिकागोंतच आफ्रिकेचें रान उभारलें, रूझवेल्ट यांच्यासारखा दिसणारा नट मिळविला, एक सिंह विकत आणून त्यास कॅमेऱ्यासमोर गोळी घातली, व मे १९०९ मध्यें ‘हंटिंग बिग गेम इन आफ्रिका’ हें चित्र प्रसिद्ध केलें. चित्रांत रूझवेल्ट यांचें नांव कोठेंच नव्हतें. तें प्रेक्षकांनीं आपण होऊन घातलें.

हें चित्र केवळ तारखेवरूनच बनावट ठरतें. न्यूयॉर्कहून मोंबासास जाण्यास २९ दिवस लागले. इतकाच काळ परतीस धरला, तर २१ एप्रिलनंतर आफ्रिकेंत घेतलेली फीत अमेरिकेंत पोंचून, धुतली जाऊन, तिच्या प्रती मे महिन्यांत नाट्यगृहांत लागणें अशक्य होतें.

याच्या शेजारीं अस्सल चित्र ठेवून पाहूं. इंग्रज छायाचित्रकार चेरी कीअरटन यांनीं आफ्रिकेंत रूझवेल्ट यांचें प्रत्यक्ष चित्रण केलें, तें ‘रूझवेल्ट इन आफ्रिका’ या नांवानें एप्रिल १९१० मध्यें लोकांपुढें आलें. त्यांत रूझवेल्ट आहेत, तेथील लोक व त्यांचे नाच आहेत; मात्र रूझवेल्ट सिंह मारीत आहेत असा प्रसंग नाहीं. प्रेक्षकांची निराशा झाली. परंतु रूझवेल्ट यांनीं स्वतः प्रसिद्ध केलेली शिकारीची याद पाहतां, त्यांनीं व त्यांचे पुत्र कर्मिट यांनीं मिळून ५१२ प्राणी मारले असून, त्यांपैकीं ९ सिंह एकट्या रूझवेल्ट यांचे आहेत. म्हणजे लेखी साधनांत ९ सिंह, अस्सल चित्रांत एकहि नाहीं, आणि बनावट चित्रांत मात्र एक !

या विसंगतीचें कारण यंत्रांत आहे. त्या काळचा कॅमेरा जड, तिवईवर बसविलेला असे. मूठ फिरवून सेकंदास सुमारें १६ चित्रें घ्यावीं लागत. फितीस भरपूर ऊन लागे. सिंह बाहेर पडतो तो बहुधा रात्रीं किंवा अंधुक उजेडांत. म्हणून त्या वेळच्या चित्रांत सिंह जवळ, समोर, भर उजेडांत पडतांना दिसला, कीं संशोधकानें प्रथम संशय घ्यावा.

सेलिग हे या वाटेनें जाणारे पहिले नव्हेत. डेन्मार्कमध्यें नॉर्डिस्क कंपनीच्या ओले ओल्सेन यांनीं १९०७ सालीं हांबुर्गच्या हागेनबेक यांजकडून दोन सिंह विकत घेतले, व रोस्किल्ड खाडींतील एलेओर बेटावर त्यांच्या शिकारीचें चित्र घेतलें. न्यायमंत्री आल्बर्टी यांनीं मनाई केली असतांहि सिंह मारले गेले. डेन्मार्कमध्यें चित्रास बंदी झाली, तरी परदेशीं त्याच्या प्रती पुष्कळ खपल्या.

येथें एक भेद ध्यानांत घ्यावा. या दोन्ही चित्रांतील आफ्रिका खोटी आहे, शिकारी खोटे आहेत. परंतु सिंहांचें मरण खरें आहे. बनावट कागदानें कोणाचा जीव जात नाहीं. या बनावट चित्रांनीं तीन सिंहांचा घेतला. प्रेक्षकांस काय पाहण्याची हांव होती, याचा मात्र तीं अस्सल पुरावा होत.

१९८० नंतर व्हिडिओ कॅमेरा शिकाऱ्याच्या हातीं आला, आणि यंत्राची जुनी अडचण सरली. यापुढें जवळून घेतलेलें चित्र एवढ्यावरून संशय घेतां येणार नाहीं. म्हणून अशा चित्रांचा संग्रह करणारांनीं स्थळ, तारीख व चित्रकाराचें नांव यांबरोबरच आणखी एक रकाना ठेवावा, असें आम्हांस वाटतें : कॅमेरा तेथें नसता, तर हें जनावर मारलें गेलें असतें काय ?