कालगुर्लीचा छायाचित्रकार

पश्चिम ऑस्ट्रेलियात पर्थ शहराच्या पूर्वेस सुमारे ६०० किलोमीटर अंतरावर कालगुर्ली हे गाव आहे. १८९३ च्या जून महिन्यात पॅडी हॅनन व त्याचे सोबती फ्लॅनागन आणि शे यांस या ओसाड प्रदेशात सोने सापडले. पाहता पाहता तंबूंची वस्ती उभी राहिली आणि १८९६ साली आगगाडीही येऊन पोहोचली. या गावाचे आरंभीचे रूप आज आपणांस इतके स्पष्ट दिसते, याचे श्रेय बऱ्याच अंशी एका धंदेवाईक छायाचित्रकारास द्यावे लागेल. त्याचे नाव जॉन जोसेफ ड्वायर.

ड्वायर हा मूळचा व्हिक्टोरिया प्रांताचा. विसाव्या शतकाच्या पहिल्या दीड दशकात कालगुर्लीत त्याचा धंदा जोरात होता. इतिहास लिहावा म्हणून त्याने कॅमेरा हाती घेतला नव्हता. गिऱ्हाईक बोलावील तेथे जावे आणि सांगेल ते टिपावे, हाच त्याचा व्यवसाय. खाणीच्या कंपनीस यंत्रसामग्रीचे चित्र हवे असे, तर नवदांपत्यास लग्नाचे. दुकानदार आपल्या दारात उभा राही. घरापासून हजारो मैल दूर आलेल्या खाणकामगारास ‘मी सुखरूप आहे’ एवढेच आईला कळवावयाचे असे, आणि त्यासाठी चित्रासारखा दुसरा पुरावा नव्हता.

हे काम सोपे नव्हते. त्या काळी चित्रे काचेच्या पाट्यांवर घेत. जड कॅमेरा, तिपाई आणि पाट्यांची पेटी घेऊन हिंडावे लागे. खाणीच्या पोटात प्रकाश हवा असल्यास मॅग्नेशियमची पूड पेटवावी लागे. क्षणभर लख्ख उजेड पडे आणि मागे धुराचा लोट राही. पाण्याची अडचण तर सर्वांत मोठी. काचेवरील हायपो स्वच्छ धुऊन काढला नाही, तर काही काळाने चित्र पिवळे पडून विरते. परंतु कालगुर्लीचे भूगर्भातील पाणी खारे. ते उकळून, वाफ थंड करून गोडे पाणी करीत व गॅलनच्या हिशेबाने विकीत. पिण्यासच जेथे पाणी मोजून मिळे, तेथे काचा धुण्यास ते किती जपून वापरावे लागत असेल, याची कल्पना आमच्या कोकणातील उन्हाळा पाहिलेल्या वाचकांस सहज येईल. अखेर सी. वाय. ओकॉनर या अभियंत्याने आखलेली सुमारे ५६० किलोमीटर लांबीची जलवाहिनी २४ जानेवारी १९०३ रोजी येथे सुरू झाली. तो सोहळा पाहण्यास ओकॉनर हयात नव्हता; १९०२ च्या मार्चमध्येच त्याने आपले जीवन संपविले होते.

तथापि पैसे देऊन काढविलेल्या चित्रांस एक मर्यादा असतेच. ज्याने ऑर्डर दिली, तो मध्यभागी. ज्याची ऐपत नव्हती, तो कडेला. त्या भूमीचे मूळ रहिवासी या चित्रांत क्वचितच आपल्या इच्छेने उभे दिसतात. उंटांच्या तांड्यांनी खाणींना रसद पोहोचविणारे उंटवालेही तसेच. त्यांस सरसकट ‘अफगाण’ म्हणत. पण त्यांत पंजाब, सिंध व बलुचिस्तानचे पुष्कळ जण होते, आणि अनेकांनी त्या वेळी मुंबई इलाख्यात असलेल्या कराची बंदरातून प्रवास केला होता. तत्कालीन चित्रांत त्यांचे उंट दिसतात, चेहरेही दिसतात. नावे मात्र बहुधा आढळत नाहीत.

पहिल्या महायुद्धाच्या काळात ड्वायरने आपला धंदा टी. एफ. मॅके या छायाचित्रकाराच्या हवाली केला. १९२८ साली ड्वायर वारला. अशा जुन्या काचा इतरत्र कितीतरी ठिकाणी खरवडून खिडक्यांस लाविल्या गेल्या वा फेकून दिल्या गेल्या. या दोघांच्या हजारो काचा मात्र जतन झाल्या व पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वस्तुसंग्रहालयात पोहोचल्या. १९८९ साली ड्वायरच्या चित्रांवर आधारलेला ग्रंथही प्रसिद्ध झाला.

यातून आम्ही काय घ्यावे? आमच्या घराघरांतील पेट्यांत स्टुडिओत काढविलेली जुनी चित्रे आहेत: लग्नाची, पलटणीतील गणवेशाची, परदेशी निघालेल्या मुलाची. तीही कोणा अनामिक छायाचित्रकाराने चार पैशांसाठीच घेतली होती. चेहरे ओळखणारी वडीलधारी माणसे आहेत, तोवरच त्यांच्याकडून नाव, गाव व साल विचारून प्रत्येक चित्रामागे मऊ पेन्सिलीने लिहून ठेवावे. छायाचित्रकार चेहरा राखतो. नाव राखणे हे घरच्यांचे काम आहे.