मागच्या चाकांचा ब्रेक

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात बहुतेक गाड्यांच्या पुढच्या चाकांना ब्रेकच नसायचा, हे आज सांगून पटत नाही. फोर्डची मॉडेल टी घ्या. १९०८ ते १९२७ एवढी वर्षं ही गाडी बनत होती. तिचा पायाने दाबायचा ब्रेक गियरबॉक्सच्या आत लागायचा आणि हाताची दांडी ओढली की मागच्या दोन चाकांचे ब्रेक धरायचे. पुढची चाकं मोकळी. पुढे ब्रेक लावला तर गाडी भलतीकडे ओढेल, घसरेल, कदाचित उलटेल, अशी भीती तेव्हा होती. सायकलचा पुढचा ब्रेक करकचून दाबून तोंडावर आपटलेल्या कुणालाही ही भीती समजेल.

पण भौतिकशास्त्र नेमकं उलट सांगत होतं. धावती गाडी थांबवायला लागलो की तिचं वजन पुढे झुकतं. धावत्या एसटीत ड्रायव्हरने ब्रेक मारला की आपण सगळे पुढे जातो, तसंच. पुढची चाकं रस्त्यावर दाबली जातात, त्यांची पकड वाढते. मागची हलकी होतात. म्हणजे थांबवण्याची ताकद जिथे सगळ्यात जास्त, तिथेच ब्रेक नव्हता. १९२१ साली अमेरिकेत ड्युझेनबर्गने चारही चाकांना तेलाच्या दाबावर चालणारे ब्रेक दिले आणि त्यानंतरच्या दहाएक वर्षांत पुढचा ब्रेक सर्वमान्य झाला. मागचा ब्रेक तेव्हापासून दुय्यम ठरला. तो काय काम करतो, हा प्रश्न मात्र अजून लोकांना नीट पडत नाही.

मला तो पडला तो काकांच्या कॉन्टेसामुळे.

२२ जुलै २०२१ला महाड बुडालं. त्याच दिवशी तालुक्यातल्या तळिये गावावर दरड कोसळली आणि ऐंशीहून जास्त माणसं गेली. त्या दुःखापुढे गाडीचं नाव काढायची कुणाला इच्छा नव्हती. आमची कॉन्टेसा शेडमध्ये छपरापर्यंत पाण्यात होती. पाणी ओसरल्यावर सीटवर, इंजिनावर, डिकीत सगळीकडे सावित्रीचा गाळ. घर, दुकान, कागदपत्रं यांत वर्षं गेली आणि गाडी तशीच उभी राहिली. गेल्या वर्षी चुलतभावाने ती पुन्हा रस्त्यावर आणायचं ठरवलं. मागचे ड्रम उघडले तेव्हा आत वाळलेल्या मातीची वडी होती आणि लायनर बोटाने निघत होते. दादा म्हणाला, "हे सगळं फेकू. मागे डिस्क टाकू." काका काही बोलले नाहीत. मी बंगळुरूला बसून सॉफ्टवेअर लिहितो, पण डिग्री मेकॅनिकलची आहे. त्यामुळे निर्णय माझ्याकडे आला.

कॉन्टेसा ही आपल्याकडची मसल कार, असं तिचे चाहते म्हणतात. ते अगदीच हवेतलं नाही. हिंदुस्थान मोटर्सने १९८४मध्ये ती बाजारात आणली ती इंग्लंडच्या व्हॉक्सहॉल व्हिक्टरवरून, आणि व्हॉक्सहॉल ही अमेरिकेच्या जनरल मोटर्सची कंपनी होती. त्यामुळे लांब बॉनेट, रुंद छाती, मागचा भारदस्त खांदा हे सगळं घराण्यातून आलं. ताकद तेवढी आली नाही. सुरुवातीला तिच्यात ॲम्बॅसेडरचंच १४८९ सीसीचं इंजिन होतं. पुढे इसुझूचं १.८ लिटरचं आलं तेव्हा तिच्यात जीव आला. २००२च्या सुमारास ती बंद झाली. ब्रेक पुढे डिस्क, मागे ड्रम.

खऱ्या अमेरिकन मसल कारांचीही हीच गोष्ट आहे. १९६४च्या पॉन्टिॲक जीटीओपासून त्या लाटेची सुरुवात मानतात. इंजिन अवाढव्य आणि चारही चाकांना ड्रम. १९६५च्या मस्टँगवर पुढच्या डिस्क मिळायच्या, पण वेगळे पैसे मोजून. पळण्याची ताकद आधी विकली गेली, थांबण्याची नंतर. म्हणून आज जुनी मसल कार घेणारा माणूस पहिल्यांदा ब्रेक बदलतो. पुढे डिस्क बसल्या की त्याची नजर मागच्या ड्रमकडे जाते.

डिस्क काही नवी नव्हती. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने तिचं पेटंट १९०२मध्येच घेतलं होतं. तिला नाव मिळालं १९५३ला, जेव्हा फ्रान्सच्या ल मान शर्यतीत जॅग्वार डनलॉपच्या डिस्क लावून जिंकली. चोवीस तासांच्या त्या शर्यतीत गाड्या वेगाने येऊन पुन्हा पुन्हा थांबवाव्या लागतात. ड्रम तापून थकायचे, डिस्क थकली नाही.

हे थकणं समजून घ्यायला आमच्याकडे शर्यतीचं मैदान नाही, पण आंबेनळी आहे. पोलादपूर सावित्रीच्या खोऱ्यात, खाली. महाबळेश्वर समुद्रसपाटीपासून साधारण १३५० मीटरवर. मधली उंची ढोबळ १२०० मीटर धरू. आमची आत्या महाबळेश्वरला राहते, त्यामुळे कॉन्टेसाचा हा ठरलेला रस्ता. गाडी आणि माणसं मिळून १५०० किलो धरली तर वरून खाली येताना सुमारे १७६ लाख ज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. ताशी ८० किलोमीटरने जाणारी हीच गाडी एकदा पूर्ण थांबवायला पावणेचार लाख ज्यूलही लागत नाहीत. म्हणजे घाट उतरणं हे ८०च्या वेगावरून ४७ वेळा कचकन थांबण्याइतकं आहे. एवढ्या उष्णतेत ६० लिटर पाणी उकळेल.

यातली बरीचशी उष्णता इंजिनाला आणि हवेला देता येते. ज्या गियरमध्ये घाट चढलात त्याच गियरमध्ये उतरा, हा जुन्या ड्रायव्हरांचा नियम याच हिशोबावर उभा आहे. तो नियम मोडून पाय ब्रेकवर ठेवला तर सगळी उष्णता चार चाकांत जाते. ड्रम तापला की फुगतो आणि आतल्या लायनरपासून लांब जातो. पेडल खोल जातं. लायनरची पकडही उतरते. डिस्क उघड्यावर असते, तिला वारा लागतो, आणि ती तापून जाड झाली तरी पॅडच्या जवळच येते. पावसातही डिस्कवरचं पाणी उडून जातं. ड्रममध्ये पाणी शिरलं तर सुकायला वेळ लागतो, आणि गाळ शिरला तर आमच्यासारखी वडी होते.

एवढं वाचून कुणीही दादाच्या बाजूने मत देईल. मीही तिकडेच झुकलो होतो. मग कागद घेऊन वजनाचा हिशोब मांडला.

समजा, रिकामी गाडी १२०० किलोची, पुढे ६०० आणि मागे ६००. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारला की साधारण २०० किलो मागून पुढे जातात. मग पुढे ८०० आणि मागे ४००. मागच्या चाकांना रस्ता धरायला उरतं ते एवढंच. त्यापेक्षा जास्त जोर मागच्या ब्रेकने लावला तर चाक फिरायचं थांबतं आणि घसरतं. पुढची चाकं अडकली तर गाडी वळत नाही, सरळ जाते. मागची अडकली तर गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो आणि गाडी गरकन फिरते. आंबेनळीच्या वळणावर, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला दरी असताना, यातलं कुठलं संकट मोठं ते सांगायला नको.

म्हणून मागच्या ब्रेकला मुद्दाम मर्यादा घातलेली असते. मागे सिलिंडर किती मोठा, लायनर केवढे, तेलाचा दाब किती जाऊ द्यायचा, हे सगळं पुढच्या ब्रेकशी जुळवून ठरवतात. नव्या गाड्यांत हे काम इलेक्ट्रॉनिक्स करतं. आपल्याकडे एप्रिल २०१९पासून प्रत्येक नव्या कारला एबीएस सक्तीचं आहे. कॉन्टेसात असं काही नाही. तिचा तोल कारखान्यात एकदाच ठरला.

मागे दुसऱ्या कुठल्या गाडीची डिस्क आणि कॅलिपर बसवायचे म्हणजे हा तोल नव्याने मांडायचा. कॅलिपरचा पिस्टन मोठा असतो, त्याला जास्त तेल लागतं. जुना मास्टर सिलिंडर तेवढं देईल का? काही गाड्यांत ड्रमच्या लाइनमध्ये थोडा दाब कायम राहावा म्हणून झडप असते. ती तशीच राहिली तर डिस्कचे पॅड सतत घासत राहतील आणि उताराआधीच तापतील. आणि हँडब्रेक? ड्रममध्ये तो साध्या केबलवर चालतो आणि चढावर गाडी घट्ट धरतो. डिस्क टाकताना हँडब्रेकवाला कॅलिपर शोधावा लागतो, नाहीतर लोक तो सोडूनच देतात. डोंगरात राहणाऱ्या माणसाने गाडी चाकाखाली दगड लावून उभी करायची, याला सुधारणा म्हणणं कठीण आहे. त्याशिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीने दिलेल्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल करता येत नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९मध्ये बजावलं आहे.

हे सगळं नीट करता येतं. चांगली वर्कशॉप्स ते करतात, दाब मोजून, चाचणी घेऊन. नुसती पट्टी कापून कॅलिपर अडकवला की झालं, असं मात्र नाही. आणि आमच्या गाडीत मूळ ब्रेक कमी पडल्याची तक्रार कधी नव्हतीच. ते पुरात मेले होते.

मी दादाला हे फोनवर सांगितलं. तो थोडा चिडला. "म्हणजे एवढं शिकून तू जुनंच ठेव म्हणणार?" त्याची बाजू खोटी नव्हती. संथ उतारावर हलका ब्रेक धरून ठेवला की वजन फारसं पुढे जात नाही, मागचे ड्रमही बराच भार उचलतात आणि तापतात. तेवढ्यापुरती डिस्क खरंच बरी. तेव्हा काकांनी फोन घेतला आणि एवढंच म्हणाले, "घाटात मी ब्रेकवर पाय ठेवून कधी उतरलोय का रे?" ते नेहमी दुसऱ्या गियरमध्ये उतरतात. मागून हॉर्न वाजवणाऱ्याला हात दाखवून पुढे जाऊ देतात. काका आता ७१ वर्षांचे आहेत आणि गाडी अजून तेच चालवणार आहेत. त्यांच्या पायाला जो पेडल माहीत आहे, तोच त्यांना परत मिळायला हवा होता.

शेवटी मागे ड्रमच राहिले. ते लेथवर घासून घेतले, आतला व्यास मर्यादेबाहेर जात नाही ना ते मोजून. नवे लायनर, नवे व्हील सिलिंडर, नवे रबरी होज, हँडब्रेकची नवी केबल. पुढच्या डिस्क आणि पॅडही नवे. सगळ्यात स्वस्त वस्तू सगळ्यात महत्त्वाची ठरली: ब्रेक ऑइल. ते हवेतला ओलावा शोषतं. डॉट ३ तेल नवं असताना २०५ अंशांवर उकळतं, ओलावा शोषलेलं १४० अंशांवर. उकळलं की नळीत वाफ होते आणि पेडल पोकळ लागतं. कोकणातल्या पावसात हे तेल वर्षानुवर्षं तसंच ठेवणं म्हणजे घाटासाठी संकट साठवून ठेवणं. आम्ही डॉट ४ भरलं आणि ते दर दोन वर्षांनी बदलायची तारीख टाकीच्या झाकणाशेजारी रंगाने लिहिली.

मागच्या ब्रेकचं काम काय, याचं माझ्यापुरतं उत्तर आता तयार आहे. गाडी थांबवतात मुख्यतः पुढची चाकं. ती थांबेपर्यंत तोंड सरळ ठेवतात मागची. ब्रेकमध्ये सुधारणा करताना ताकद विकत घेता येते, तोल मात्र मोजावा लागतो. दिवाळीत काकांनी आत्याच्या दारातल्या चढावर हँडब्रेक ओढला, गियर काढला आणि पाय पेडलवरून उचलला. गाडी हलली नाही. दादाने वाकून मागच्या चाकाकडे पाहिलं आणि डिकीतून फराळाचे डबे काढायला लागला.