चाड सरोवर परिसरातील पाणीसंघर्ष

नायजेरिया, नायजर, चाड व कॅमेरून यांच्या सीमा जिथे मिळतात, त्या चाड सरोवराच्या खोऱ्यात शेतकरी, मच्छीमार व पशुपालक यांच्यात पाणी आणि जमिनीवरून होणारे संघर्ष. 1960 च्या दशकाच्या आरंभी सरोवर सुमारे 25,000 चौ. किमी. पसरले होते, 1970 व 1980 च्या दशकांतील अवर्षणांत ते जेमतेम दहाव्या हिश्श्यावर आले. ते अजूनही आटतच चालले आहे, हा समज मात्र चुकीचा आहे. 1990 नंतर पाणी काही प्रमाणात वाढले; आजची खरी अडचण बेभरवशाचा पाऊस आणि पूर ही आहे.

पूर असताना मासेमारी, पाणी ओसरल्यावर गाळपेर जमिनीत मका-चवळी आणि पुढे त्याच रानात चराई, अशी इथली जुनी वहिवाट. पुराची वेळ चुकली की तिघेही एकाच वेळी एकाच जागेवर येतात.

कॅमेरूनच्या उत्तर टोकाला, लोगोन नदीकाठी, मुसगुम मच्छीमार पुराचे पाणी व मासे अडवायला लांबच लांब चर खणतात. पाण्यावर निघालेली शुवा अरब पशुपालकांची गुरे या चरांत पडतात, चिखलात रुततात. ऑगस्ट 2021 मध्ये याच वादातून रक्तपात झाला. 5 डिसेंबरला उलुम्सा गावात पुन्हा ठिणगी पडली; तीन दिवसांत लोण कुसेरी शहरात पोहोचून तिथला गुरांचा बाजार उद्ध्वस्त झाला. लाखभर माणसे परागंदा झाली. बहुतेक जण नदी ओलांडून चाडमध्ये गेले, आणि त्यांत प्रामुख्याने बायका-मुले होती.

सरोवर आटले म्हणून बोको हराम ही सशस्त्र संघटना उभी राहिली, हे सोपे समीकरण सरकारांच्या सोयीचे असले तरी अपुरे आहे. 2009 च्या उठावामागे नायजेरियातील कुशासन आणि पोलिसी अत्याचारही होते. बोको हरामविरुद्धच्या बंदोबस्तानेही लोकांच्या पोटावर पाय आला : नायजरच्या डिफा प्रांतात 2015 च्या आणीबाणीत मासळी आणि मिरचीच्या व्यापारावर निर्बंध आले, बेटांवरची वस्ती हलवण्यात आली. हवामानबदलाने आधीच मेटाकुटीला आलेल्या कुटुंबांचे उरलेसुरले उत्पन्नही त्यामुळे गेले.

संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने 31 मार्च 2017 रोजी ठराव क्र. 2349 मध्ये या प्रदेशाच्या अस्थैर्यात हवामानबदलाचा वाटा मान्य केला. 1964 पासून कार्यरत असलेल्या चाड सरोवर खोरे आयोगापुढे कांगो खोऱ्यातील पाणी इकडे वळवण्याची अवाढव्य योजना अनेक वर्षे आहे. चर कुठे खणावेत आणि गुरांची वाट कोणती, याचे गावोगावचे करार त्याहून तातडीचे आहेत.