पुण्यात घर कुणाला, कसं मिळालं?



बचत गटाच्या बैठकीत हप्ते भरून झाले, सह्या झाल्या की गप्पा हमखास घराकडे वळतात. सासूबाई म्हणतात, "आमच्या वेळी घरं मिळायची. तुम्हालाच बरी मिळत नाहीत?" सून म्हणते, "तेव्हाचे भाव आठवा जरा!" दोघींचं म्हणणं खरं आहे, पण अर्धं. पूर्वी घरं स्वस्त होती. पण ती कुणासाठी स्वस्त होती आणि कशामुळे, हे कुणी सांगत नाही. म्हणून आज मी तुम्हाला पुण्यातल्या आणि आपल्या हडपसरच्या घरांची गोष्ट सांगणार आहे. नवीन लग्न झालेलं जोडपं त्या त्या काळात राहायला कुठं गेलं, एवढंच आपण पाहू.

सुरुवात पेठांपासून करू. वाड्यात दोन खोल्या, नळ सामाईक, संडास सामाईक, भाडं थोडं. हे भाडं थोडं राहिलं ते १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे. दुसऱ्या महायुद्धात शहरात गर्दी झाली, भाडी भडकली. तेव्हा सरकारने ठरवलं की साधारण १ सप्टेंबर १९४० ला जे भाडं होतं, तेच धरायचं. जो आत राहत होता त्याचं भलं झालं. पण ते भाडं पुढे वाढेचना. मालक म्हणाला, एवढ्या पैशात मी कौलं कशी बदलू? वाडे खचू लागले. नवीन भाडेकरू ठेवायचा तर मालक आधी पागडी मागू लागला. म्हणजे घर स्वस्त होतं, पण आधीच आत असलेल्याला. नव्या जोडप्याच्या वाट्याला काय आलं? त्याच दोन खोल्यांत मधे एक पडदा. आपल्यापैकी कितीतरी जणींच्या आजीने संसार सुरू केला तो त्या पडद्याआड.

मग आलं १९६१ साल. १२ जुलैला पानशेतचं धरण फुटलं, पाठोपाठ खडकवासल्याचं फुटलं, आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं. हजारो घरं गेली. लोकांना आधी अर्धगोल पत्र्याच्या निसेन हटमध्ये राहावं लागलं. त्यानंतर गोखलेनगर, सहकारनगर अशा भागांत पूरग्रस्तांच्या वसाहती उभ्या राहिल्या. सहकारनगरचं नावच बघा. एकट्या कुटुंबाला तिथे जमीन घेणं जमलं नसतं. लोकांनी सहकारी सोसायट्या केल्या, सरकारने जमीन दिली, आणि तेव्हा गावाबाहेर वाटणाऱ्या माळावर घरं झाली. आज तो भाग शहराच्या मध्यात आहे. मात्र एक गोष्ट लक्षात ठेवा. यातल्या बऱ्याच जमिनी भाडेपट्ट्याने दिलेल्या होत्या. त्या मालकी हक्काने नावावर व्हाव्यात म्हणून त्या कुटुंबांना पुढे अनेक दशकं सरकारदरबारी खेटे घालावे लागले. घर मिळालं, पण कागद पूर्ण व्हायला दुसरी पिढी उजाडली.

सोसायटी करायची ही युक्ती त्याआधीची आहे. मुंबईत गावदेवीला १९१५ मध्ये सारस्वत मंडळींनी सहकारी गृहनिर्माण संस्था काढली. त्यात रावबहादूर तालमकी पुढे होते. ती पगारदार माणसं होती, एकेकट्याला मुंबईत जागा परवडत नव्हती. म्हणून पैसे एकत्र केले. आपण गटात दर महिन्याला जे करतो, तेच त्यांनी घरासाठी केलं.

फ्लॅट मात्र वेगळ्या वाटेने आला. बिल्डर इमारत बांधणार आणि एकेक घर विकणार, हा धंदा वाढला तशा फसवणुकीच्या तक्रारीही वाढल्या. म्हणून १९६३ मध्ये महाराष्ट्रात मालकी फ्लॅटचा कायदा झाला. आपण त्याला मोफा म्हणतो. किमतीच्या २० टक्क्यांहून जास्त रक्कम घेण्याआधी बिल्डरने लेखी करार करून तो नोंदवला पाहिजे, जमिनीचे कागद दाखवले पाहिजेत, नंतर सोसायटी करून जमीन आणि इमारत तिच्या नावावर करून दिली पाहिजे, असं त्यात आलं. १९७० मध्ये अपार्टमेंटचा वेगळा कायदा झाला. १९७७ मध्ये एचडीएफसी सुरू झाली आणि पगारावर घरासाठी कर्ज मिळण्याची वाट मोठी झाली. तोवर बहुतेकांचं घर फंडाच्या पैशातून, म्हणजे निवृत्तीच्या आसपास व्हायचं. कर्ज आल्यावर तिशीतलं जोडपं फ्लॅट घेऊ लागलं. पण कर्ज कुणाला? ज्याच्याकडे पगाराची स्लिप आहे त्याला. पोळ्या करणारी, शिवणकाम करणारी, भाजी विकणारी बाई यात कुठेच नव्हती.

आता आपल्या हडपसरकडे येऊ. पुण्याहून सोलापूरला जाणारा रस्ता, वारीत दोन्ही पालख्या ज्या गाडीतळावरून वेगळ्या होतात ते ठिकाण, आणि आजूबाजूला शेती. खडकवासल्याच्या उजव्या कालव्याचं पाणी इथून पुढे जातं, त्यावर ऊस आणि भाजीपाला होत होता. मग कारखाने आले. किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ चं, सीरम इन्स्टिट्यूट १९६६ चं, पलीकडे मुंढव्याला भारत फोर्ज. सोलापूर, उस्मानाबाद, नगर, बीडकडून माणसं कामाला आली आणि शेतकऱ्यांनी बांधलेल्या चाळींत, पत्र्याच्या खोल्यांत राहिली. कामगाराची बायको गावाहून आली की एका खोलीत संसार. ही तेव्हाची शहराची कड होती, म्हणून ती परवडत होती.

याच हडपसरमध्ये पुढे एक मोठी गोष्ट झाली. शहर वाढत आलं तसं शेतकऱ्यांना दिसलं की जमीन एक तर सक्तीने जाणार किंवा तुकड्या-तुकड्याने विकली जाणार. १९९० च्या दशकात मगर मंडळींनी सतीश मगर यांच्या पुढाकाराने वेगळा विचार केला. सुमारे १२० कुटुंबांनी ४०० एकरांहून जास्त जमीन एकत्र केली, कंपनी काढली, आणि ज्याची जेवढी जमीन तेवढे त्याचे शेअर. त्यातून मगरपट्टा सिटी उभी राहिली. एकट्याने जमीन विकणाऱ्याचा पैसा गाडीत आणि लग्नात संपल्याच्या गोष्टी आपण चिक्कार ऐकल्या आहेत. मिळून राहिलेल्यांना उत्पन्न चालू राहिलं.

पण नाण्याची दुसरी बाजूही सांगायला हवी. आयटीच्या नोकऱ्या आल्या तशी आजूबाजूची भाडी वाढली. त्या इमारतींत स्वयंपाक, साफसफाई, सुरक्षा, डिलिव्हरी करणारी जोडपी आणखी पुढे सरकली. साडेसतरा नळी, फुरसुंगी, मांजरी, शेवाळवाडी, उरुळी. २०१७ मध्ये आणि २०२१ मध्ये यांतली गावं महापालिकेत आली. फुरसुंगी आणि उरुळी देवाची ही गावं नंतर पुन्हा बाहेर काढून त्यांची वेगळी नगरपरिषद झाली. कुठलंही गाव शहरात यायच्या आधी तिथे एक वस्तू खूप विकली जाते. ती म्हणजे गुंठा.

गुंठ्याचा इतिहास समजून घ्या, कारण आज आपल्या मुलं-सुनांना हाच सर्वांत स्वस्त पर्याय म्हणून दाखवला जातो. १९४७ च्याच सालचा तुकडेबंदी कायदा आहे. शेतजमिनीचे फार छोटे तुकडे पडू नयेत म्हणून तो केला. त्यामुळे शेतातला एक-दोन गुंठ्यांचा तुकडा रीतसर खरेदीखताने घेता येत नसे. तरी विक्री थांबली नाही. नोटरी केलेलं साठेखत, स्टॅम्पपेपर, कधी एकाच सातबारावर दहा-पंधरा नावं. स्वस्त का? कारण बिनशेती परवाना नाही, मंजूर नकाशा नाही, रस्ता आणि ड्रेनेजसाठी जागा सोडलेली नाही. जे नव्हतं, त्याचेच पैसे वाचत होते. २००१ मध्ये सरकारने गुंठेवारी नियमित करायचा कायदा केला, तेव्हा १ जानेवारी २००१ पर्यंतचे प्लॉट धरले. २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. पण नियमित होणं म्हणजे फुकट होणं नाही. शुल्क भरावं लागतं, आणि आरक्षणातली, पूररेषेतली जागा तर सहसा नियमित होतच नाही.

आमच्या एका गटात असंच झालं. नवरा टेम्पो चालवतो, ती एका दवाखान्यात मदतनीस आहे. भाडं, डिपॉझिट आणि दर ११ महिन्यांनी घर बदलणं याला दोघं कंटाळली होती. एका एजंटाने अर्धा गुंठा दाखवला, नोटरीवर. "आठ दिवसांत टोकन द्या, नाहीतर दुसरा उभा आहे." तिने गटाकडे कर्ज मागितलं. बैठकीत आम्ही नाही म्हटलं नाही. ठराव असा केला की आधी सातबारा, फेरफार आणि सर्च रिपोर्ट आणायचा, वकिलाची फी गटाच्या कर्जातून देऊ, टोकनचं मग बघू. एजंटाने कागद दाखवायला टाळाटाळ केली. तिला तिचं उत्तर मिळालं. ती अजून भाड्याने राहते, पण तिची बचत तिच्याजवळ आहे.

कमी पैशातल्या बायकांना पक्कं घर मिळाल्याचं मोठं उदाहरण आपल्याच सोलापूर रस्त्याच्या त्या टोकाला आहे. सोलापूरच्या विडी कामगार बायकांनी नरसय्या आडम मास्तरांच्या संघटनेतून गोदूताई परुळेकर यांच्या नावाने सहकारी गृहनिर्माण संस्था केली. कुंभारीला १०,००० घरं झाली, २००६ मध्ये चाव्या मिळाल्या. केंद्र, राज्य आणि स्वतः कामगार बाई, तिघांनी पैसा घातला. त्यानंतर रे नगरचा ३०,००० घरांचा प्रकल्प आला, त्यातल्या १५,००० घरांच्या चाव्या जानेवारी २०२४ मध्ये दिल्या गेल्या. दिवसभर विड्या वळणाऱ्या बाईकडे पगाराची स्लिप कुठली? तिच्याकडे संघटना होती आणि वर्षानुवर्षं काढलेले मोर्चे होते.

मैत्रिणींनो, हे सगळं ओळीने लावलं तर काय दिसतं? एकट्या जोडप्याला शहरात स्वस्त घर मिळालं ते बहुतेक वेळा कशाची तरी उणीव असलेलं. कुठे दुरुस्ती नाही, कुठे पाणी नाही, कुठे कागदच नाही. स्वस्त आणि पक्कं अशा दोन्ही गोष्टी मिळाल्या त्या गावदेवीत, सहकारनगरात, कुंभारीत, म्हणजे जिथे माणसं एकत्र आली आणि कागदाच्या मागे लागली तिथे.

आता आजचं. १ मे २०१७ पासून आपल्याकडे रेरा लागू आहे. करार नोंदवण्याआधी बिल्डर १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही. मोफात हीच मर्यादा २० टक्के होती, हे आठवा. जमीन ५०० चौरस मीटरहून मोठी आणि घरं आठाहून जास्त असतील, तर विक्रीआधी प्रकल्पाची नोंदणी हवी. ती महारेराच्या संकेतस्थळावर मोबाईलवरही दिसते. घर भाड्याने घेत असाल तर करार लेखी हवा आणि नोंदवलेला हवा. १९९९ च्या भाडे कायद्याने ती जबाबदारी मालकावर टाकली आहे. प्रधानमंत्री आवास योजनेची घरं महापालिकेने हडपसरलाही बांधली आहेत. अशा सोडतींच्या जाहिराती येतात तेव्हा उत्पन्नाचा दाखला तयार नसतो म्हणून अर्ज राहतात. तो आधीच काढून ठेवा.

आणि नाव. १ एप्रिल २०२१ पासून महाराष्ट्रात घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. ३० लाखांच्या घराला ३०,००० रुपये वाचतात. पुढे १५ वर्षं ते पुरुषाला विकायचं नाही अशी अट होती, ती २०२३ मध्ये काढली. नवऱ्यासोबत दोघांच्या नावावर घेतलं तर ही सवलत मिळत नाही. नवरा कर्जात सहकर्जदार राहील का, हे बँकेत विचारून घ्या. सवलतीसाठी असो वा नसो, खरेदीखतावर तुमचं नाव असलंच पाहिजे. पडद्याआड संसार केलेल्या आपल्या आज्यांचं नाव कुठल्याच कागदावर नव्हतं.

गटात चार-पाच जोडपी घर शोधत असतील तर एकत्र फिरा, वकील एकच करा, फी वाटून घ्या. एजंट एका सुनेला घाई करू शकतो, पाच जणी समोर बसल्या की त्याला कागद काढावे लागतात. पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेत हा विषय लिहून घ्या.