दोन सेकंदांचे बटण

जत्रेतल्या पाळण्यात बसताना आपण खिळे-बोल्ट तपासत नाही. पाळणेवाल्यावर भरवसा ठेवून बसतो. हा भरवसा तुटला तर कायदा कोणाला जबाबदार धरतो, या प्रश्नाच्या मागे लागून मी ऑस्ट्रेलियातल्या एका अपघाताच्या तपासाकडे वळलो.

क्वीन्सलंड राज्यातल्या गोल्ड कोस्टजवळ ‘ड्रीमवर्ल्ड’ हे मोठे मनोरंजन उद्यान आहे. तिथली ‘थंडर रिव्हर रॅपिड्स’ ही राइड १९८६ पासून चालू होती. गोल तराफ्यात बसायचे, कृत्रिम नदीतून हेलकावे खात फिरायचे आणि शेवटी सरकत्या पट्ट्यावरून वर चढून उतरायचे. साऱ्या कुटुंबाने बसावी अशी, सौम्य मानलेली राइड. २५ ऑक्टोबर २०१६ रोजी दुपारी दोनच्या सुमारास पाणी खेळवणारा एक पंप बंद पडला. त्याच दिवशी तो आधीही बंद पडला होता. पाण्याची पातळी झपाट्याने उतरली आणि एक तराफा पट्ट्याच्या टोकाशी लोखंडी रुळांवर अडकला. पट्टा मात्र फिरतच राहिला. त्याने मागून आणलेला, सहा जण बसलेला तराफा अडकलेल्यावर आदळून उभा झाला. चार प्रौढ मरण पावले, दोन मुले वाचली. पंप थांबल्यापासून हे घडायला जेमतेम मिनिट लागले.

कोरोनरने, म्हणजे संशयास्पद वा अपघाती मृत्यूंची चौकशी करणाऱ्या न्यायिक अधिकाऱ्याने (मुंबईतही हे पद १९९९ पर्यंत होते), फेब्रुवारी २०२० मध्ये निष्कर्ष जाहीर केले. पाणी उतरल्याबरोबर पट्टा आपोआप थांबवील अशी साधी यंत्रणाही तिथे नव्हती. ती बसवायला काही हजार डॉलर पुरले असते. पट्ट्याच्या काही फळ्या पूर्वीच काढल्यामुळे फटी रुंद झाल्या होत्या. तीस वर्षांत राइडच्या धोक्यांचे समग्र अभियांत्रिकी परीक्षण झाले नव्हते. २००१ मध्ये रिकामे तराफे असेच आदळून उलटले होते, म्हणजे पूर्वसूचना पंधरा वर्षे आधीच मिळाली होती.

मला सर्वांत अस्वस्थ करते ती बटणांची गोष्ट. मुख्य फलकावरचे बटण दाबल्यावर पट्टा थांबायला काही सेकंद लागत. उतरण्याच्या जागेजवळच्या बटणाने तो दोन सेकंदांत थांबे. त्या जागी उभ्या असलेल्या कर्मचारी तरुणीला त्याच सकाळी जेमतेम दीड तासाचे प्रशिक्षण मिळाले होते, आणि त्या बटणाचे महत्त्व तिला कोणी समजावलेच नव्हते. असे असताना तिच्याकडे बोट दाखवणे सोपे होते. कोरोनरने तसे केले नाही. त्याने बोट व्यवस्थेकडे वळवले.

पुढे उद्यान चालवणाऱ्या ‘आर्डंट लेझर’ कंपनीने सुरक्षा कायद्याखालचे तीन आरोप कबूल केले. सप्टेंबर २०२० मध्ये तिला ३६ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला. कमाल दंड ४५ लाखांचा होता. एकाही व्यक्तीवर खटला झाला नाही. व्यवस्था दोषी ठरली, पण तुरुंगात जाईल असे शरीर व्यवस्थेला नसते.

ही उणीव राज्याच्याही लक्षात आली होती. याच अपघातानंतर, आणि त्याच महिन्यात एका बांधकामावर दोन कामगार दगावल्यानंतर, २०१७ मध्ये क्वीन्सलंडने ‘औद्योगिक मनुष्यवध’ हा गुन्हा कायद्यात आणला. निष्काळजी वरिष्ठ अधिकाऱ्याला वीस वर्षांपर्यंत कैद आणि कंपनीला एक कोटी डॉलरपर्यंत दंड, अशी त्यात तरतूद आहे. पण फौजदारी कायदा मागे जाऊन लागू होत नाही. ज्यांच्या मृत्यूमुळे तो आला, त्यांच्या बाबतीत तो निरुपयोगीच राहिला.

आपल्याकडची वाट नेमकी उलटी दिसते. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याच्या आपल्या कलमात आधी माणूस शोधावा लागतो, आणि बटणाजवळ उभा असलेला माणूस सर्वांत आधी सापडतो. फळ्या काढणारा, परीक्षण पुढे ढकलणारा, खर्चाला नकार देणारा लांब कचेरीत असतो. कायद्याला तिथवर पोचायला दोन सेकंद पुरत नाहीत. कधीकधी तीस वर्षेही कमी पडतात.